चुन्याच्या डब्यातलं कुंकू

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. लेकीपाशी नाही, सासूपाशी तर नाहीच नाही. कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेसमोर दर चैत्रात उभी राहते, तिथंही तोंड मिटून. देवीला काय सांगायचं, तिला ठाऊकच असणार – असं म्हणते, नारळ वाहते आणि पायऱ्या उतरते. खरं सांगू? तिला ठाऊक असेल, याचीच भीती वाटते.

तुम्ही कोण ते मला माहीत नाही. बरंच आहे. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ फार चालते. लोणावळ्याच्या बाजारात विचारा, पारूबाई बोलायला लागली की ऐकणाऱ्याची गाडी चुकते म्हणतात. पण ही गोष्ट ओठाशी आली की जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून लिहिते आहे. शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं शिकले ती स्टेशनांच्या पाट्यांवरून – लोणावळा, मळवली, कामशेत, वडगाव – आणि त्यात जी आली नाहीत ती वाण्याच्या पुड्यांवरून. तेव्हा लिहिणं वाकडंतिकडं दिसेल. माणूसही तसंच आहे, चालवून घ्या.

गोदी माझी नणंद. मी लग्न होऊन मळवलीजवळच्या त्या घरात आले तेव्हा ती सहा वर्षांची होती, माझ्याच गोधडीत झोपायची. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं, अकराव्या वर्षी नवरा गेला. सासरचा उंबरा तिनं ओलांडलासुद्धा नव्हता. कपाळ पुसलं त्या दिवशी तिनं मला विचारलं, “वयनी, आता उद्यापास्नं रानात जायचं का न्हाई?” तिला वाटलं, आजारपणासारखं काहीतरी असावं, चार दिवसांत उतरेल. गोठ्यामागच्या भिंतीवर मी तिला कोळशानं अक्षरं काढून द्यायची. माझ्याहून तिचं अक्षर चांगलं आलं. हसायची फार. स्वतःवर हसायची, माझ्यावर हसायची, म्हशीवर हसायची.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना काय सांगायचं! तीन दिवसांत माझा धनी गेला. सकी, माझी लेक, तेव्हा रांगत होती. घरात आम्ही बायकाच उरलो – आत्याबाई म्हणजे माझी सासू, गोदी, मी आणि सकी. मी लोणावळ्याला एका रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यात उभी राहिले. कशी? बदली म्हणून.

हे बदलीचं नीट सांगायला हवं, कारण माझं सगळं पाप त्याच्यावर उभं आहे. लोणावळ्या-खंडाळ्याच्या बंगल्यांत एक रीत होती, आजही आहे. कामाच्या बाईला गावी जायचं असलं, तर तिनं आपल्या जागी दुसरी बाई आणून उभी करायची. ती बदली. बदली द्यायची ती आपल्या घरातली, आपल्या भरवशाची. ती वाईट निघाली तर नाव देणारीचं जातं. आणि बदली येणारी कधी विचारत नाही, की काम कसलं, माणसं कशी, मालकीण मारकी तर नाही ना. देणारीनं बोलावलं, एवढं तिला पुरतं. ती डोळे मिटून येते. रीत म्हणजे एवढंच – एकीनं खरं बोलावणं आणि दुसरीनं न विचारता येणं.

मी जिची बदली होते ती बाई गावाहून परतलीच नाही, आणि बंगल्यात माझी दोन वर्षं गेली. मिसीबाबा, मेमसाहेबाची तान्ही पोर, माझ्या मांडीवर वाढली. तेवढ्यात साहेबानं रेल्वे सोडली आणि साखरेच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायची नोकरी धरली. कुठं? तर त्रिनिदाद म्हणून एक बेट, दोन समुद्र ओलांडून. मेमसाहेबानं मला एक रंगीत चित्र दाखवलं. निळं पाणी, वाकलेले माड, पांढऱ्या फळ्यांचं घर. म्हणाली, तिथं तुझे लोक हजारांनी आहेत आया, आंबा आहे, नारळ आहे, तुमची भाषा बोलतात. मी ते चित्र चुलीवरच्या फळीला टेकवून ठेवलं आणि रोज त्यात काहीबाही भरत गेले. मला वाटायचं, लोणावळाच असणार तो, फक्त बाजाराच्या टोकाला समुद्र. बायका नऊवारी नेसलेल्या, डोईवर पाटी घेऊन जाताना विचारणार, “काय पारूबाई, कुटं निगाली?”

पोटासाठी गेले असं मी जन्मभर सांगितलं. ते खोटं नाही. पण मला जायचं होतं. तीन वर्षांच्या पोरीला टाकून मला ते चित्र बघायचं होतं – हेही लिहूनच टाकते.

गोदी म्हणाली, “तू जा वयनी. सकीला मी हाय की.” निघायच्या दिवशी स्टेशनात सकी तिच्या कडेवर होती. माझ्याकडे यायला हात पसरले नाहीत पोरीनं. तिला गोदीच्या कानातलं खेळायला मिळालं होतं.

काय सांगू त्या बेटाचं? चित्र खोटं नव्हतं. समुद्र निळा होता, माड होते. पण आम्ही राहायचो तिथून समुद्र दिसायचा नाही. नजर जाईल तिकडं ऊस, आणि एकही डोंगर नाही. आमच्याकडे कुठंही तोंड करा, लोहगड नाही तर विसापूर पाठीशी असतो. तिथं मला पाठच नाही असं वाटायचं. ऊस तोडण्याआधी पेटवायचे, त्याची काजळी भातावर पडायची. मळीचा आंबूस वास केसांत जाऊन बसायचा. घर खांबांवर उभं, साहेबलोक वर, आणि खांबांमध्ये फळ्या ठोकून केलेली खोली माझी. जमिनीतली बारीक कीड पायाच्या नखात शिरायची, ती सुईनं उकरून काढायची. हे सगळं सोसलं. गरिबाघरची मी, त्याचं काय एवढं?

माणसांचं नाही सोसलं. तिथं आपले लोक होते, खरंच हजारांनी होते, कारखान्याच्या लांब चाळींत राहायचे. पण ते पूर्वेकडचे. त्यांची हिंदी माझ्या कानाला लागायची नाही. “कौन जिला, बहिनी?” विचारायच्या बाया. मी म्हणायची, पुणे. कुणी ऐकलेलं नव्हतं. मी मेमसाहेबाच्या खुर्चीमागं उभी राहणारी, म्हणून त्यांना मी साहेबाची वाटायची. आणि स्वयंपाकघरातल्या तिथल्या बायांना माझं कासोट्याचं लुगडं बघून हसू आवरायचं नाही. मला जवळ कुणीच धरलं नाही, आणि दोष तरी कुणाला द्यायचा? मेमसाहेबाला उन्हानं कायमची डोकेदुखी जडली. खिडक्या लावून अंधारात पडून राहायची, आणि मी पंखा थांबवला की केसांचा ब्रश फेकून मारायची. चाळीकडे जायला बंदी – मिसीबाबाला रोग लागेल म्हणून. तीन वर्षं, बघा, तीन वर्षं मला कुणी ‘पारू’ म्हटलं नाही. सगळ्यांची मी आया. कधी कधी पाण्याच्या टाकीत तोंड घालून मी स्वतःलाच हाक मारायची. टाकी मला ‘पारू’ म्हणायची.

दूध घालायला एक म्हातारी यायची, सुखिया. तिच्याशीच काय ते दोन शब्द. ती तरुणपणी जत्रेत हरवली होती, तिथं एका गोडबोल्या माणसानं तिला सांगितलं, की चल, एका देशात बसून साखर चाळायचं काम आहे, हातात चाळणी, डोक्यावर छप्पर. आणि इथं आणून हातात कोयता दिला. चाळीस वर्षं झाली होती त्याला. अजूनही रोज सकाळी चूल पेटवताना ती त्या माणसाचं नाव घ्यायची आणि दोन्ही हातांची बोटं मोडायची – कडकड. मला करून दाखवायची. मी हसायची तेव्हा.

एका पावसाळ्यात मी मेमसाहेबाचे पाय धरले. म्हटलं, मला घरी पाठवा. ती म्हणाली, जा. पण बदली दे. एरवी ती मोडक्या हिंदुस्थानीत बोलायची, आमच्या भाषेतले चारच शब्द तिला येत होते – पाणी, चूप, जलदी आणि बदली. बदली तुझ्या घरातलीच पाहिजे म्हणाली, मिसीबाबाला तुमचीच गाणी लागतात.

माझ्या घरात दुसरं कोण होतं?

त्यावर मी पुष्कळ दिवस काही केलं नाही. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. नुसतं झालं तसं सांगते. मग दिवाळीच्या सुमाराला गावच्या गुरुजींच्या हातचं आत्याबाईंचं पत्र आलं. सगळ्यांची खुशाली, सकीला गोवर येऊन गेला, म्हैस व्याली. आणि शेवटी दोन ओळी –

थांबा. त्या ओळी मागाहून सांगते. आधी माझं पत्र सांगते.

मी लिहिलं: इथं ऊस लय. आंबा, नारळ, फणस सगळं हाय. आपल्या देशाची मानसं हायत. घर लाकडी, उंच. समुद्र हाय. मिसीबाबा जीव लावती. मेमसाहेब माझ्या जागी बदली मागती. गोदीनं यावं.

यात एक अक्षर खोटं आहे? तुम्हीच बघा. मी वर्षानुवर्षं ते पत्र मनात उलगडून बघितलंय. खोटं अक्षर नाही. पण लिहून झाल्यावर मला दिसलं, की या पत्रानं गोदी येणार नाही. आत्याबाई म्हणणार, बघू पुढं. आमच्याकडे लिहिलेलं कोण बघतं? पत्र हातात आलं की आधी कोपरे बघतात. कोपरा फाटका असला तर वाचायच्या आधीच रडं. कोपऱ्यांना कुंकू असलं, तर शुभ; मग आत काय लिहिलंय ते कुणी दोनदा विचारत नाही.

कुंकू तिथं मिळायचं नाही. मिळालं असतं तरी मी विधवा, मागितलं कुणाजवळ असतं? स्वयंपाकघरात हळद होती. खांबांना लावायच्या चुन्याचा डबा माझ्याच खोलीत असायचा. मी चुन्यात हळद कालवली. लाल झाली – लगेच, बोटाखाली, जखमेतून यावी तशी. आणि ज्या बोटानं पाच-सहा वर्षं स्वतःच्या कपाळाला काही लावलं नव्हतं, त्या बोटानं मी त्या पत्राचे चारही कोपरे रंगवले.

पत्र घरी पोचलं तो दिवस मला पुढं गोदीनंच सांगितला. गुरुजी वाचायला लागले तर आत्याबाई म्हणाल्या, “लिवलेलं ऱ्हाऊ द्या गुरजी, कुकू बगा की! माज्या पोरीच्या कपाळी न्हाई ते, पर तिच्या नावाच्या कागदाला आलं.” आणि त्यांनी तो कागद देव्हाऱ्यात ठेवला.

आता त्या दोन ओळी. आत्याबाईंच्या पत्रातल्या. ‘गोदीला मळवलीचा रेल्वेच्या रुळावरचा गँगवाला मागतोय, मानूस गुनाचा हाय, बायकू वारलेली. शिमगा झाला की पाट लावावा असं मनात हाय.’

हे वाचून मी ते पत्र लिहिलं. न वाचता नाही – वाचून. विधवेला दुसरं घर मिळत होतं. तिचा स्वतःचा संसार होणार होता, स्वतःची चूल, कदाचित पोरंबाळं. आणि मला दिसलं काय? तर शिमगा. मी दिवस मोजले. पत्र दोन महिन्यांत पोचतं. शिमग्याच्या आत पोचायला हवं, नाहीतर ती त्या गँगवाल्याच्या घरी गेलेली असेल आणि मला बदली उरणार नाही. तुम्ही म्हणाल, माणूस एकटं पडलं की असं होतं. मीही म्हणायची. आता म्हणत नाही.

साहेबाच्या ओळखीचं एक कुटुंब त्या वाटेनं निघालं होतं, त्यांच्याबरोबर ती आली. मी बंदरावर उभी. शिडीवरून उतरताना लांबूनच ओरडली, “अगं बया! वयनी, काय गं ही दशा? उसाच्या गावात ऱ्हाऊन चिपाड झालीस!” आणि हसली. तीन वर्षांनी मला कुणी ‘वयनी’ म्हटलं. मी तिला मिठी मारून रडले, आणि तिला वाटलं आनंदानं रडतेय. आनंद होताच. तिच्या आनंदात आणि माझ्यात फरक एवढाच, की माझं बोटीचं तिकीट आठ दिवसांनंतरचं होतं.

ते आठ दिवस मी तिला काम दाखवत होते. पंखा असा धरायचा, मिसीबाबाला दूध असं द्यायचं, मेमसाहेबाचा आवाज असा आला की ब्रश येतो, वाकायचं. पहिल्या दिवशी ती हसत होती. दुसऱ्या दिवशी कमी. घराच्या मागं जाऊन चारी दिशांना बघून आली आणि म्हणाली, “हितं सूर्य कशाआड बुडतो गं?” मी म्हटलं, उसाआड.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोली झाडताना तिला खाटेखाली तो डबा सापडला. तळाला वाळलेला चुना, त्यावर लाल पापुद्रा. डबा हातात घेऊन ती दारात उभी राहिली. बोटानं खरवडलं, वास घेतला.

“चुना हाय गं ह्यो,” म्हणाली.

मी मिसीबाबाच्या वेण्या घालत होते. मान वर केली नाही.

“आईनं त्यो कागुद देवापाशी ठिवलाय,” एवढंच म्हणाली, आणि डबा होता तिथं परत ठेवला. भांडली नाही. झिंज्या उपटायला हव्या होत्या तिनं माझ्या. मी वाट बघत होते, खरंच वाट बघत होते. तिनं उरलेला कोपरा झाडून घेतला.

त्या संध्याकाळी तिनं मला गँगवाल्याचं सांगितलं, आपणहून. तो स्टेशनात पोचवायला आला होता, हातात झेंड्या तशाच. “म्हनला, दोन वर्सं थांबतो. आनि मला म्हनतो कसा, तुमी नुस्तं या, लाल झेंडी दावून मेल हुबी करतो. येडाच हाय.” सांगताना तिचं तोंड असं झालं होतं, की मला बघवेना. मग म्हणाली, “दोन वर्सांनी तू माज्या जागी येशील न्हवं?”

“येते,” मी म्हणाले. “सकीची आण.”

लेकीची आण घातली मी. तिनं मागितली नव्हती.

घरी आले. सकी सात वर्षांची झाली होती. मला बघून आत्याबाईंच्या मागं लपली आणि विचारलं, “ही आली, मग माजी गोदी कुटंय?” कोण कोणाची बदली होतं, सांगा बरं? वर्षभर पोरीनं माझ्या हातचं सुखानं खाल्लं नाही. आजूबाजूच्या बाया जमायच्या, तिकडचं विचारायच्या. मी समुद्र सांगितला. फळं सांगितली. निळं पाणी, पांढरं घर – ते चुलीवरचं चित्र जसंच्या तसं सांगितलं. चार जणी म्हणाल्या, गोदीनं नशीब काढलं बाई.

गोदीची पत्रं आईला यायची, वर्षातून दोन-तीन. मीच वाचून दाखवायची. ‘मी खुशाल हाय. हितं आंबा लय.’ आणि प्रत्येक पत्राच्या चार कोपऱ्यांना कुंकू. आत्याबाई ते कपाळाला लावायच्या नाहीत, त्याही विधवा; पण पत्र छातीशी धरायच्या. मला एकटीलाच त्या कुंकवाला चुन्याचा वास यायचा. मी आणलेलं खोटं ती तिथं बसून माझ्यासाठी पुढं चालवत होती. की आईसाठी? मला कळलं नाही.

पाच-सहा वर्षं पत्रं आली. मग मेमसाहेबाचं इंग्रजी पत्र आलं, लोणावळ्याच्या बंगल्यातल्या बटलरनं वाचून सांगितलं. मिसीबाबा विलायतेला शाळेत गेली, आता आयेची गरज नाही, आम्हीही बेट सोडतो आहोत. आया इथल्याच लोकांत राहिली आहे. राहिली म्हणजे काय? चाळीत? कोयता घेऊन? कुणाच्या घरात? त्यात लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर तिचं पत्र नाही. फाटक्या कोपऱ्याचंसुद्धा नाही.

आत्याबाई गेल्या तेव्हा तोंडात पाणी घालायला मीच होते. माझा हात धरून म्हणाल्या, “गोदीचं बरं झालं गं. तुज्यामुळं.” त्यांच्या उशाखाली ते पहिलं पत्र निघालं. कोपऱ्यांवरचा लाल रंग उडाला होता. नुसती हळद उरली होती, पिवळी.

सकीला आता मुलगी आहे. तिनं नाव ठेवलं गोदावरी. परवा, हे मोठं युद्ध संपल्यावर, म्हणाली, “आई, आता बोटी सुरू झाल्या असतील. गोदीआत्याचा तपास करायचा का?” मी म्हटलं, बघू. आत्याबाईंचाच शब्द.

एवढं सगळं सांगितलं आणि अजून एक उरलंच आहे. तुम्हाला वाटलं असेल संपलं. मलाही इथंच थांबायचं होतं.

मी परत आल्याला दोन वर्षं झाली तेव्हा एक पत्र माझ्या नावानं आलं. एकटीच्या. त्याला कुंकू नव्हतं. चारही कोपरे कोरे, स्वच्छ. आत तिचं ते चांगलं अक्षर: ‘वयनी, दोन वर्सं झाली. मी वाट बगते. त्यास्नी थांबाया सांग.’

मला जाता आलं असतं. निघताना मेमसाहेबानं सांगितलंच होतं, यायचं असेल तर लोणावळ्याच्या बंगल्यात एक शब्द टाक, तिकीट येईल. एक शब्द. बंगला आमच्या स्टेशनापासून एका स्टेशनावर.

त्या दिवशी मी वाल सोलत होते. सकी आली, समोर बसली आणि न सांगता सोलायला लागली. तिनं मला ‘आई’ म्हणायला लागून महिना झाला असेल नसेल. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या दिवशी काय काय होतं, तेवढं सांगते. वाल होते, सकी होती, पत्र माझ्या कमरेला खोचलेलं होतं. वाल सोलून झाले तशी मी उठले, आणि पत्र तांदळाच्या कणगीत, खाली, हात कोपरापर्यंत जाईल तिथं ठेवलं. आजही माझ्याजवळ आहे. उत्तर दिलं नाही. पुढं तिनं आईला पत्रं पाठवली, कुंकू लावून पाठवली. मला पुन्हा एकही ओळ नाही. सुखियासारखी बोटं मोडली का तिनं? मोडली असती तर मला इथं कडकड ऐकू आली असती, असं वाटतं. ऐकू नाही आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रूळ ओलांडून बाजाराला निघाले होते. फाटकाशी तो उभा होता, गँगवाला. तीनदा-चारदा त्यानं आधीही विचारलं होतं, लाजत, भलतीकडं बघत. त्या दिवशी सरळ माझ्याकडं बघितलं.

“काय वयनी, गोदाबाईंचं काय पत्र-बित्र?”

नात्यानं मी त्याची वहिनी लागत नव्हते. ती हाक त्यानं तिच्याकडून घेतली होती.

“न्हाई,” मी म्हणाले.

“येनार-बिनार असं काय...?”

“तिकडंच रमली ती.”

मग त्यानं झेंड्या गुंडाळल्या, आधी हिरवी, तिच्यावर लाल, काखेत धरल्या आणि रुळाच्या कडेकडेनं कामशेतच्या अंगाला चालत गेला. त्या शिमग्याला त्यानं दुसरीशी पाट लावला. मी बाजारातून मीठ आणलं, घरी आले, आणि सकीला भूक लागली होती म्हणून आधी भाकरी टाकली.